टोकियो कागदावर: हासुई की ‘नवे शंभर देखावे’?

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टोकियो बेचिराख झालं. त्यानंतर उभं राहिलेलं शहर लाकडी ठशांच्या चित्रांत पाहायचं, तर दोन वाटा आहेत.

पहिली चित्रकार कावासे हासुईची. भूकंपात त्याच्या स्केचबुकांचीही राख झाली होती. ‘टोकियोचे वीस देखावे’ (१९२५-३०) या मालिकेतलं झोजोजी मंदिर पाहा: लालभडक दार, तिरपा बर्फ, छत्री आडवी धरून वाऱ्याशी झगडणारी एकटी बाई. चित्र हासुईचं, पण कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि या सगळ्यांवर प्रकाशक वातानाबे. म्हणून रंगांची ती तलम उतरंड साधते. भूकंपानंतर बांधलेला किओसू हा पोलादी पूलही त्याने १९३१ मध्ये रंगवला, पण निळ्या सांजेत बुडवून.

दुसरी वाट ‘नव्या टोकियोचे शंभर देखावे’ (१९२८-३२). ओंची कोशिरो, हिरात्सुका उनइची यांच्यासह आठ चित्रकार. चित्र काढणं, कोरणं, छापणं हे सगळं स्वतःच करायचं, हा त्यांचा आग्रह. विषय कॅफे, नाट्यगृहं, गिंझा या बाजारपेठेचे रस्ते, नवीकोरी भुयारी रेल्वे. रेषा जाड, रंगांचे सपाट तुकडे. पटाशीची धार लपवलेली नाही.

भिंतीवर लावायला हासुईच घ्यावा, त्याच्या बर्फाला तोड नाही. पण राखेतून उठलेल्या शहराची धावपळ, दिवे, गर्दी समजून घ्यायची असेल, तर मी निःसंकोच ‘शंभर देखावे’ उघडेन. हासुई त्या शहरात जुनं टोकियो शोधत राहतो. हे आठजण नव्याला सामोरे जातात.