ऑनलाइन मागवलेलं खुराडं आणि मनोरीचं मुंगूस

आधीच सांगते, पाचपैकी दोन तारे. त्यातला एक नुसत्या छपराला.

मागच्या फेब्रुवारीत हे 'सहा कोंबड्यांचं प्रीमियम लाकडी खुराडं, फर्स्ट एड किटसह' मागवलं. ११,४९९ रुपये. घरपोच म्हणाले, पण मनोरी खाडीपलीकडचं गाव, इथे घरपोच म्हणजे काय ते इथल्यांना विचारा. पोरगा मार्व्याच्या धक्क्यावर खोकं टेकवून फोन करून निघून गेला, ह्यांनी ते तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, घालून अलीकडे आणलं. जोडायला दीड तास लागला. भोकं जुळली, स्क्रू दोन जास्तच निघाले, छपराचा पत्रा जाड आहे. सासूबाई बघून म्हणाल्या, "एवढ्या पैशात माझ्या वेळेला गाय आली असती." त्यांच्या वेळेला कोंबड्या रात्री डालग्याखाली, म्हणजे वेताच्या टोपलीखाली, वर पाटा, संपलं.

पहिला आक्षेप मापाचा. आतली जागा चार बाय दोन, म्हणजे आठ चौरस फूट. दिवसा मोकळी फिरणारी कोंबडी असली तरी रात्रीला तिला दोन फूट लागतातच, म्हणजे हे खुराडं चारांचं. सहा कोंबल्या की एकमेकींना टोचायला लागतात, आमच्याकडे आठवड्यात दोघींच्या शेपट्या बोडक्या झाल्या. बसायची दांडी अंड्याच्या खोक्याच्या बरोबरीने लावलीय. कोंबडीला रात्री जी जागा उंच ती हवी असते. दांडी उंच नाही, तर सगळ्या खोक्यातच झोपतात, तिथेच घाण करतात आणि सकाळी अंडी धुवत बसा. थंड देशातलं डिझाइन उचललेलं दिसतंय, भिंती तिन्ही बाजूंनी बंद आणि खिडकी पोस्टकार्डाएवढी. मेमध्ये दुपारी चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या, आत अमोनियाचा वास डोळ्याला झोंबायचा.

हे सगळं मी सहन केलं असतं. जाळीचं काय ते सांगते.

खुराड्याला पुढे जाळीचं अंगण जोडलेलं आहे. माझ्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, तेव्हा लहान होत्या आणि घार माडावर येऊन बसायला लागली होती, म्हणून मी सगळ्यांना दिवसभर त्या अंगणातच ठेवायचे. मेमधला मंगळवार, सकाळचे साडेअकरा. मी मागच्या पडवीत बोंबील साफ करत होते. कोंबडा ओरडला तो घारीसाठी ओरडतो तसा नाही, सलग, थांबेचना. जाऊन बघते तर दोन तलंगा मानेपाशी रक्ताळलेल्या, मेलेल्या, खाल्लेल्या नाहीत. माझी पिंगळी कोंबडी कोपऱ्यात डोकं खुपसून. आणि मुंगूस माझ्याकडे बघत त्याच वाटेने बाहेर.

लोक रात्रीची काळजी करतात. आपल्याकडचं करडं मुंगूस दिवसा फिरतं, उजाडलं की त्याची पाळी सुरू. रात्रीची पाळी बोक्याची आणि घुशीची. माझी मावसबहीण आरेतल्या पाड्यावर राहते, तिला बिबट्याची भीती. तिच्यापुढे मी मुंगसाचं गाऱ्हाणं सांगितलं तर हसते.

वाट कुठून काढली ते बघितलं. षट्‌कोनी घरांची बारीक तारेची जाळी, जिला दुकानात कोंबडी जाळीच म्हणतात, ती चौकटीला स्टेपलरच्या पिनांनी मारलेली. खिळे नाहीत, पट्टी नाही. खालचा कोपरा त्याने ओढला आणि आठ पिना शेंगा सोलाव्यात तशा निघाल्या. मी स्वतः नंतर दोन बोटांनी ओढून बघितलं, निघते. जाळीचं नाव कोंबडी जाळी आहे कारण ती कोंबडीला आत ठेवते, इतकाच त्याचा अर्थ. बाहेरच्याला अडवणं तिचं काम नाही. इंचभर घरातून उंदीर सरळ आत येतो, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय बोका बाहेरून ओढू शकतो. शिवाय तळाला काहीच नाही. जाहिरातीत खुराडं हिरवळीवर आहे. आमच्याकडे माडाखाली रेती, घूस एका रात्रीत हातभर बीळ काढते.

दोन मेल्या, चार उरल्या. कंपनीचा हिशोब मुंगसाने बरोबर करून दिला.

आता किटबद्दल, कारण जाहिरातीत अर्धा मजकूर त्याचाच आहे. पिंगळीला मी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, डोळ्यांवर टॉवेलाचं टोक टाकलं. अंधार झाला की कोंबडी गप्प होते. पाठीवरचं कातडं तळहाताएवढं उलटलेलं, पिसं रक्ताने चिकटून दोऱ्यासारखी झालेली. पिसं उपटायची नाहीत, कात्रीने कापायची. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून सुई नसलेल्या सिरिंजने धुतलं. इथपर्यंत सगळं घरचंच. मग किटमधलं 'जखमेचं औषध' काढलं, आणि ते निघालं लालभडक. कुंकवासारखं. मीही घाईत तेच लावलं आणि संध्याकाळी तिला बाकीच्यांत सोडलं, ही चूक माझी. सकाळी भुरी कोंबडीने जखमेची कड टोचून टोचून वाढवलेली. लाल दिसलं की कोंबडी टोचणार, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. कोंबड्यांसाठी म्हणून विकायच्या औषधाला हाच रंग कोणाला सुचला असेल? तेव्हापासून मी साधं पोव्हिडोन आयोडिन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापरते, आणि जखमी कोंबडी डालग्याखाली, पण बाकीच्यांना दिसेल अशी ठेवते. पूर्ण नजरेआड ठेवलं तर परत आल्यावर तिला पाव्हणी समजून मारतात.

दुसऱ्या दिवशी पिसाच्या बुडाला तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. माशीची अंडी. आपल्या हवेत एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि जखमेत उतरतात. किटमधला चिमटा तेव्हा कामाला आला. खरंच चांगला चिमटा आहे, टोकं बरोबर मिटतात. एकेक कणी काढली. दुसरा तारा चिमट्याला.

मग डॉक्टर. मालाडचा जवळचा दवाखाना म्हणाला आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. म्हणून पिंगळीला डालग्यात घालून परळ गाठलं. आधी तरीने, मग बसने, मालाडहून लोकल, प्रभादेवीला उतरून पुलावरून पलीकडे. गाडीत लगेजच्या डब्यात बसले, कोळणींच्या पाट्यांमध्ये माझं डालगं कोणालाच खटकलं नाही, उलट एकीने "अंडी देते का?" म्हणून भाव विचारला. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ सालचं, तिथे कोंबडी नेली म्हणून कोणी हसत नाही. जखम शिवली नाही. "उघडीच भरू द्या ताई, माशी बसू देऊ नका." अँटिबायोटिक दिलं आणि सांगितले तेवढे दिवस तिची अंडी खायची नाहीत हे बजावलं. तीन आठवड्यांत कातडं धरलं, पिसं त्यानंतर आली.

किटमधलं 'सर्वरोगनाशक टॉनिक' मात्र सरळ फसवणूक वाटते. बाटलीवर लिहिलंय मानमोडी, देवी आणि रक्ती हगवण तिन्हींवर गुणकारी. मानमोडी म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार. हिरवट हगवण, धाप आणि मग मान पिळवटते. तो एकदा शिरला की आळीतली खुराडी रिकामी होतात. त्यावर औषधच नाही, फक्त लस. देवीसुद्धा विषाणूच, पण ती डासही पसरवतात, म्हणून पावसाळ्यात तुऱ्यावर खपल्या दिसतात. रक्ती हगवण वेगळ्याच जंतूची. एक टॉनिक तिघांना कसं पुरेल?

लसीचीही एक अडचण आहे जी कोणी सांगत नाही. पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकायची राणीखेतची लासोटा लस मला मिळते ती शंभर डोसांच्या कुपीत. माझ्याकडे नवी पिल्लं असतात आठ. कुपी एकदा कालवली की तासा-दोन तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. म्हणून मी बर्फाच्या थर्मासमधून ती तरीने आणते आणि आळीत आधी निरोप देते. सातेक दिवसांची ज्यांची पिल्लं असतील ते टोपल्या घेऊन आमच्या ओट्यावर हजर. २०२१ च्या जानेवारीत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून लोक निदान ऐकतात तरी.

पावसाळ्यात खुराड्याने उरलीसुरली लाज घालवली. लाकूड फुगलं, दार बसेना. खालचा घाणीचा ट्रे सरकेना, त्यात पाणी साठलं, खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजून लगदा झाला. जुलैत ठमी कोंबडी पिसं फुगवून एका पायावर उभी, विष्ठेत रक्त. रक्ती हगवणीला ओलं तूस म्हणजे माहेरच. डॉक्टरांना फोनवर विचारून पाण्यातून अँप्रोलियम दिलं, तूस सगळं बदललं, वाचली. तूस हातात घट्ट दाबून उघडलं की विस्कटलं पाहिजे, गोळा राहिला तर बदला. ही परीक्षा सासूबाईंची.

कंपनीला मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, हिंस्र प्राण्यांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." मी लिहिलं, मग खुराडं कशासाठी असतं? त्यावर त्यांनी कस्टमर केअरला पाच तारे द्यायची लिंक पाठवली.

शेवटी इथल्या फॅब्रिकेटरकडून दुरुस्त करून घेतलं. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी, चारही बाजूंना आणि वरून. खाली जाळी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून रेतीत पुरली, वर चिरे ठेवले. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरतो, त्याच्या पायाखाली जाळी आली की पुढे सरकून उकरायची अक्कल त्याला नाही. मागची भिंत कापून तिथेही जाळी, दांडी वर, खोकं खाली. लाकडी खिटीच्या जागी होडीच्या दोरीचा पितळी हूक. ३,२०० रुपये. मुंगूस अजून येतं, दहाच्या सुमारास, एक चक्कर मारून जातं. त्याला मारायला मी कोणाला देत नाही, १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि घुशींना तोच आवरतो.

जुनी जाळी फेकली नाही. वाळत घातलेल्या जवळ्यावर टाकते. कावळ्यांपुरती ठीक आहे.