ओमेगा स्पीडमास्टरची हेसलाइट काच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, २०२१ साली आलेली ३८६१ कॅलिबरची (म्हणजे आतल्या यंत्राची) पिढी, ४२ मिमी, हेसलाइट काचेचं मॉडेल. वापर नऊ महिने, आठवड्यातले पाच-सहा दिवस, ऑफिस आणि लोकलचा प्रवास धरून. यंत्र कसं चालतं, पट्टा कसा आहे यावर भरपूर लिहून झालंय, म्हणून इथे फक्त काचेबद्दल. घेणाऱ्याच्या मनात शंका एकच असते: एवढे पैसे मोजायचे आणि वर प्लास्टिकची काच?

हो, प्लास्टिकचीच. हेसलाइट म्हणजे ॲक्रिलिक, जुन्या एचएमटी जनतावर असायचं त्याच जातीचं. मोहस् या कठीणपणाच्या मापनात ॲक्रिलिक ३ च्या आसपास, साधी मिनरल काच ५ ते ६ आणि महाग घड्याळांवरची सफायर काच ९. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत जी वाळू असते ती क्वार्ट्झ, म्हणजे ७. शर्टाच्या टोकाने काच पुसताना त्या कापडात अडकलेला एक कण हेसलाइटवर रेघ ओढून जातो. सफायरवर तोच कण निमूट घसरतो.

मग हे का ठेवलंय? नासाने १ मार्च १९६५ रोजी हे घड्याळ अवकाश मोहिमांसाठी पात्र ठरवलं. तेव्हाची काच हीच. फुटली तर तिला तडा जातो, पण तुकडे उडत नाहीत. वजनरहित अवस्थेतल्या केबिनमध्ये तरंगणारे काचेचे कण कोणालाच नको असतात. लोकलमध्ये अर्थात हा फायदा कोणी मोजत नाही, पण दारालगतच्या खांबावर मनगट आपटल्यावर काच शाबूत राहते हे खरं.

चरे कसे आणि कुठे पडतात? काच बेझलच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या रिंगच्या, वर उठलेली आणि फुगीर आहे, त्यामुळे पहिला मार खाते ती कड. दाराची कडी, टेबलाची सनमायका लावलेली धार, बॅगेच्या चेनची पट्टी, एवढे नेहमीचे गुन्हेगार. पहिल्या आठवड्यातच केसासारख्या रेघा येतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत मोबाइलची टॉर्च तिरपी धरली की कोळ्याचं जाळं दिसतं. समोरून पाहिलं तर मात्र तबकडी स्वच्छ. इथेच हात शिवशिवतात आणि बहुतेकांची चूक होते: दर रविवारी पॉलिश. नऊ महिन्यांत दोनदा केलेलं पॉलिश पुरलं, चौथ्या महिन्यात एकदा आणि नवव्या महिन्यात एकदा. मधल्या काळातल्या बारीक रेघांकडे काणाडोळा करायचा.

टॉर्च धरलीच आहे तर काचेच्या बरोब्बर मध्यावर पाहा. अगदी बारीक ओमेगाचं चिन्ह दिसेल. ते आतल्या बाजूला आहे. धूळ किंवा टोचा समजून ते घासत बसू नका, कितीही घासलं तरी जाणार नाही. आणि जुनं स्पीडमास्टर विकत घेताना ते नसेल, तर काच बदललेली आहे असं समजून भाव करा.

आता पॉलिश. आधी नखाची परीक्षा घ्यायची: नख ओरखड्यावर आडवं फिरवा. अडकलं नाही तर नुसती पेस्ट पुरे. अडकलं तर पुढचा, जास्त खटपटीचा मार्ग.

पेस्ट म्हणजे पॉलिवॉच, ५ ग्रॅमची ट्यूब. एका वेळी मसुरीच्या दाण्याएवढी लागते, त्यामुळे ट्यूब वर्षानुवर्षं संपत नाही. सुरुवात पेस्टने नाही, सफाईने करायची. चावी पूर्ण आत आहे ना ते पाहा, ओलसर मायक्रोफायबरला साबणाचा एक थेंब लावून काच पुसा आणि कोरडी करा. ही पायरी गाळली तर काचेवरची धूळ पेस्टबरोबर फिरते आणि एक चरा काढता काढता दहा नवे पडतात.

मग बेझल झाकायचं. टॅकिमीटरचे (वेग मोजायचे) आकडे असलेली काळी रिंग ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची आहे, पेस्ट लागली की तिचा काळा रंग मंद पडतो आणि तो परत येत नाही. रंगकामाची मास्किंग टेप दोन-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत, एकावर एक चढवत गोलाकार लावा. एकच लांब पट्टी वळवायला गेलात तर सुरकुत्या पडतात आणि त्यातून पेस्ट आत शिरते.

सुती कापड, जुना धुतलेला बनियन उत्तम, बोटाला घट्ट गुंडाळा. पेस्ट लावून दोन ते तीन मिनिटं चऱ्याच्या आडव्या दिशेने घासा, शेवटची अर्धी मिनिट गोल गोल. दाब बऱ्यापैकी हवा, नुसतं गोंजारून काही होत नाही. पुसा, टॉर्चखाली पाहा, पुन्हा करा. साध्या रेघांना दोन फेऱ्या पुरतात, जरा जाड असतील तर चार-पाच. टेप काढल्यावर काच आणि बेझलमधल्या फटीत पांढरी रेघ उरतेच. ती ओली असतानाच टूथपिकच्या टोकाला किंचित ओलं कापड गुंडाळून काढा. वाळली की खडूसारखी बसते आणि मग महिनाभर डोळ्यांत खुपते.

नख अडकणाऱ्या चऱ्याला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर, लागतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात १५०० आणि २००० नंबरचा सहज मिळतो. पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून आधी १५०० एका दिशेने, चरा दिसेनासा होईपर्यंत. मग २००० त्याला काटकोनात, १५०० च्या सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत. दिशा बदलायची ती एवढ्यासाठीच, की आधीच्या नंबरच्या रेघा राहिल्यात का ते कळावं. या टप्प्याला काच पूर्ण दुधी होते, तबकडी दिसत नाही, आणि माणसाच्या पाचावर धारण बसते. घाबरायचं कारण नाही. पॉलिवॉचने पंधरा-वीस मिनिटं घासल्यावर ती परत येते.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. फक्त चऱ्याच्या जागी घासत राहिलात तर तिथे खळगा होतो. समोरून कळत नाही, पण घड्याळ तिरपं केलं की त्या जागेखालचे आकडे पाण्यात हलल्यासारखे दिसतात. म्हणून चऱ्याच्या भोवतालचा निदान काचेच्या एक तृतीयांश भाग घ्यायचा, कडेकडे दाब कमी करत. आणि ड्रिलला फेल्टचं चाक लावून वेळ वाचवायचा मोह टाळा. ॲक्रिलिक गरम झालं की मऊ पडतं, मग पृष्ठभाग ओढला जाऊन लाटा येतात. ते कुठल्याच पेस्टने जात नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने घड्याळजीकडून एचएमटीची एखादी काढून टाकलेली काच मागून आणावी आणि हात तिच्यावर बसवावा.

टूथपेस्टचं विचारलंच जातं. पांढरी, जेल नसलेली चालते, बारीक रेघा जातात, पण वेळ तिप्पट लागतो आणि शेवटी हलकं धुकं उरतं. ब्रासो पितळेच्या समईसाठी राहू द्या.

सगळ्यात वाईट शत्रू मात्र ओरखडा नाहीच. तो आहे सॅनिटायझर, अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर. अल्कोहोलने ॲक्रिलिकमध्ये, विशेषतः ताण असलेल्या कडेजवळ, आत बारीक तडे जातात. ॲसिटोन तर पृष्ठभागच विरघळवतं. हे तडे टॉर्चखाली चमकतात, नखाला अजिबात लागत नाहीत आणि पॉलिशने हलत नाहीत. असे दिसले तर घासणं थांबवा आणि पावसाळ्याआधी काच बदला, कारण मग ५० मीटरच्या वॉटर रेझिस्टन्सवर भरवसा उरत नाही.

या कटकटीपेक्षा सफायरचं मॉडेल घ्यावं का? त्याला चरे जवळपास पडत नाहीत. पण काही सफायर काचांना बाहेरूनही अँटी-रिफ्लेक्टिव्ह (चकाकी कमी करणारा) लेप असतो, आणि तो सफायरएवढा कणखर नसतो. अशा काचेवर दिसणारी रेघ बहुतेकदा लेपाची असते. काही वेळा तर ती रेघही नसते, स्टीलच्या वस्तूने काचेवर सोडलेला धातूचा माग असतो. तो पेन्सिलच्या खोडरबरने निघतो, म्हणून आधी तो प्रयोग करा. पॉलिवॉच सफायरवर काहीही करत नाही. डायमंड पेस्ट करते, पण बाहेर लेप असेल तर तोही खाते, आणि तेवढ्या जागी वेगळ्या रंगाची झाक असलेला डाग राहतो. आगीतून फुफाट्यात. सफायरला खोल इजा झाली किंवा कडेचा टवका उडाला तर काच बदलणं एवढाच उपाय. दिसण्याचं म्हणाल तर सफायरच्या कडेला दुधी कडं दिसतं, हेसलाइटच्या कडेला तबकडी वाकल्यासारखी दिसते. दुसरं जास्त लोभस, हे वैयक्तिक मत.

मिनरल काचेसाठी सिरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर असते, फक्त अगदी हलक्या धुसरपणासाठी. खोल चरा असेल तर बदलून घेणंच स्वस्त पडतं.

हेसलाइट काच बदलायची वेळ आली तर ती गल्लीतल्या दुकानात उचकटून बसवायची वस्तू नाही. आत काचेला ताणून धरणारी धातूची कडी असते, यंत्र केसमधून बाहेर काढून काच प्रेसने बसवावी लागते आणि नंतर प्रेशर टेस्ट हवी. ओमेगाची वॉरंटी पाच वर्षांची आहे, पण वापराने पडलेले चरे तिच्यात येत नाहीत आणि बाहेर उघडलेलं घड्याळ दावा करताना अडचणीत आणतं. म्हणून काच पुढच्या सर्व्हिससोबतच बदला, तेव्हा केस उघडणारच असते. जुनी काच परत हवी, हे घड्याळ देतानाच पावतीवर लिहून घ्या. नंतर मागितली तर बहुधा कचऱ्यात गेलेली असते.