हळदीचं मलम पांढरंशुभ्र कसं?

गेल्या पावसाळ्यात छातीखालच्या घडीत खाज सुटली, मग जांघेतही. लाल, ओलसर चट्टा, कडेला बारीक पुरळ. घामोळं समजून पावडर लावत राहिले. ही जागा डॉक्टरांना दाखवायची म्हणजे लाज.

जाऊबाई म्हणाल्या, बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर एक जडीबुटीवाला बसतो, बघा तरी. गेले. कडुनिंबाची साल, हळकुंडं, लवंगा, लसूण सगळं ताटांत मांडलेलं. माणूस गोडबोल्या. "ताई, शंभर टक्के वनस्पती," म्हणत त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला: काचेच्या बशीत पांढरट बुरशी माजलेली, मध्ये अर्काचा थेंब आणि त्याभोवती स्वच्छ गोल. आता याच्यापुढं काय बोलणार? ६५० रुपये मोजून डबी घेतली. आत पांढरंशुभ्र, गुळगुळीत मलम. माझ्या ओट्यावरचा हळदीचा डाग आठवडाभर घासला तरी जात नाही, आणि हे हळदीचं मलम पांढरं कसं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोन दिवसांत खाज बंद! मी कौतुकानं भिशीतल्या दोघींना डब्या आणून दिल्या (पैशांपेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं). लावणं सोडलं की चौथ्या दिवशी आग, पुन्हा लावलं की गार. असे तीन महिने, पाच डब्या. चट्टा पसरत पोटावर आला. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि तिच्यावर लालसर रेघा उमटल्या.

त्या रेघा बघताच त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "कुठलं मलम लावताय?" डबीत स्टेरॉइड असणार, असं त्या म्हणाल्या. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशी मारत नाही. उलट तिला रान मोकळं करून देतं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर कॅन्डिडा, म्हणजे यीस्ट, बुरशीचाच एक प्रकार. मग रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर २१४. मला मधुमेह आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं. साखर वाढलेली असली की घडीतली यीस्ट हटता हटत नाही. वेळेवर गेले असते तर तीन महिने आधीच कळलं असतं.

बरं, तो फोटो? तसे प्रयोग खरे असतात, बाई म्हणाल्या. लसणातलं ॲलिसिन, लवंगेतलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत कॅन्डिडाची वाढ रोखतात. पण बशीत अर्क थेट बुरशीवर पडतो. हळद पोटात घेतली तर कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं, आणि कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. त्यातून माझ्या डबीत यातलं काही होतं की नाही, देव जाणे.

बुरशी मारणाऱ्या क्लोट्रिमॅझोल मलमाची ट्यूब शंभराच्या आत मिळाली. ती दोन वेळा लावायची, घडी कोरडी ठेवायची, साखरेच्या गोळ्या चालू. महिन्याभरात चट्टे गेले. रेघा राहिल्या.

आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि तारीख छापावी लागते. माझ्या डबीवर साधं नावसुद्धा नव्हतं. एक उरली होती, ती अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिली. भिशीतल्या दोघींकडेही जाऊन आले, एकीनं डबी माझ्यासमोरच कचऱ्यात टाकली, दुसरी म्हणाली, "मला तर गुण आलाय की."