वाढत्या शहरात नवं रेडिओ स्टेशन : ताजी गाणी, जुनी गाणी की सगळंच थोडं थोडं?

शहर वाढायला लागलं की रेडिओला दोन तऱ्हेचे श्रोते मिळतात. एक इथेच लहानाचे मोठे झालेले, दुसरे कामधंद्यासाठी नुकतेच आलेले. दोघांच्या आठवणीतली गाणी वेगळी असतात. नव्या स्टेशनचा फॉरमॅट ठरवताना चर्चा हमखास 'लोकांना काय आवडतं' इथेच अडकते. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: ऐकणारा एका वेळी किती वेळ ऐकणार?

ताज्या हिट गाण्यांचं स्टेशन थोडा वेळ ऐकणाऱ्यासाठी असतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ यांनी केओडब्ल्यूएच या स्टेशनवर मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा लावायला सुरुवात केली. 'टॉप फोर्टी' हा फॉरमॅट त्यातून घडत गेला. त्यामागचं गणित आजही तेच आहे. जाहिराती आणि निवेदन धरून तासाला साधारण १२ गाणी बसतात. त्यातल्या तीन जागा सर्वांत गाजत असलेल्या गाण्यांना दिल्या आणि अशी गाणी सहा निवडली, तर त्यातलं प्रत्येक गाणं दर दोन तासांनी फिरून येतं. वीस मिनिटं गाडीत बसणाऱ्याला हेच हवं असतं, कारण तेवढ्यात त्याचं आवडतं गाणं लागण्याची शक्यता वाढते. दिवसभर दुकानात रेडिओ लावून ठेवणारा मात्र याच कारणाने स्टेशन बदलतो.

या गणितात एक खोच आहे. तासाला तीन म्हणजे दिवसाला ७२ जागा. ७२ ला सहाने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आज सकाळी साडेआठला लागलेलं गाणं उद्याही साडेआठलाच लागतं. रोज त्याच वेळी घराबाहेर पडणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे दुसरं गाणंच नाही. सहाऐवजी सात गाणी घेतली की बाकी दोन उरते आणि प्रत्येक गाण्याची वेळ रोज सरकत जाते. स्टेशन चालवायला घेणाऱ्याने प्रोग्रामिंगच्या, म्हणजे कुठलं गाणं कधी लावायचं ते ठरवणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारावं: तेच गाणं रोज त्याच वेळी येऊ नये म्हणून काय करणार? उत्तर आलं नाही तर माणूस बदलावा.

जुन्या गाण्यांचं स्टेशन याच्या उलट चालतं. ४०० गाण्यांची यादी असेल तर तासाला १२ प्रमाणे ती संपायला ३३ तासांहून जास्त वेळ लागतो. श्रोते कमी, पण ते टिकतात. समजा, हिट गाण्यांच्या स्टेशनला आठवड्याला एक लाख लोक मिळाले आणि प्रत्येकाने दोन तास ऐकलं, तर दोन लाख तास झाले. जुन्या गाण्यांच्या स्टेशनला ४० हजारच मिळाले, पण त्यांनी सहा-सहा तास ऐकलं, तर दोन लाख ४० हजार. म्हणून नुसता श्रोत्यांचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये.

मग जुन्या गाण्यांचंच स्टेशन काढावं का? वाढत्या शहरात मी जरा थांबेन. गाणं जुनं म्हणून प्रिय होतं ते ज्याने तरुणपणी ऐकलं त्याला. बाहेरून आलेल्याचं तरुणपण दुसऱ्याच गाण्यांत गेलेलं असतं. आणि शहरात नवी भर पडते ती मुख्यतः त्याच्यासारख्यांची.

'सगळंच थोडं थोडं' हा पर्याय कागदावर सर्वांत मोहक दिसतो. २००२ मध्ये व्हँकुव्हरमध्ये 'जॅक एफएम' अशाच मोठ्या, मिश्र यादीवर सुरू झालं आणि ते नाव पुढे बऱ्याच शहरांत गेलं. पण न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूसीबीएस-एफएमने जून २००५ मध्ये जुनी गाणी बंद करून जॅक आणलं, तेव्हा वर्षानुवर्षांचे श्रोते दुखावले, रेटिंग घसरलं आणि जुलै २००७ मध्ये स्टेशन पुन्हा जुन्या गाण्यांकडे वळलं. मिश्र यादी चालते, पण कुणाचं हक्काचं स्टेशन मोडून नव्हे.

सामुदायिक रेडिओची जातकुळी वेगळी. अमेरिकेत अशा कमी ताकदीच्या एफएम परवान्याची मर्यादा १०० वॅट, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरचा टप्पा. एका भागाची सेवा करायची असेल तर तो उत्तम, सगळ्या शहरासाठी नाही.

फॉरमॅटवर सही करण्याआधी रेडिओ लावून शहराच्या कडेकडेने गाडी फिरवा. एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात आणि उंच इमारतींमागे आवाज खरखरतो. नवी वस्ती बहुधा कडेलाच असते. तिथे तुमच्या वारंवारितेवर आवाज स्वच्छ येत नसेल, तर नव्या लोकांसाठी निवडलेली गाणी जुन्या शहरातच घुमत राहतील. अशा वेळी जुन्या गाण्यांचं स्टेशनच शहाणपणाचं.

आवाज सगळीकडे पोचत असेल आणि ताज्या गाण्यांचं स्टेशन आधीच असेल, तर माझं मत मधल्या वाटेला: गेल्या वीसेक वर्षांतली ओळखीची गाणी, जोडीला मोजकी नवी. हे कामाच्या ठिकाणी दिवसभर चालतं आणि इथल्यांना नि बाहेरच्यांना सारखंच जवळचं वाटतं. एका गोष्टीत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. दुसऱ्या शहरात बसून आधीच रेकॉर्ड केलेलं निवेदन स्वस्त पडतं, पण त्या निवेदकाला आज कुठला पूल बंद आहे हे माहीत नसतं. शहरात नव्याने आलेल्या माणसाला रस्त्यांची, भागांची नावं कानावर पडून पाठ होतात. निदान सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी माइकसमोर इथे राहणारा माणूस बसवा आणि पैसे वाचवायचे असतील तर ते रात्रीच्या पाळीत वाचवा.