सात आसने, पाच माणसे: नवी स्कोडा कोडियाक

आमच्या घरात आजवर आलेल्या सगळ्या मोटारी जपानी होत्या, त्यामुळे पहिल्यांदाच युरोपीय एसयूव्ही घेण्याचे ठरले तेव्हा हात आणि पाय जुन्या सवयी किती सहज सोडतील याचा विचार कोणीच केला नव्हता. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या जपानी गाडीत इंडिकेटरची दांडी बहुधा उजव्या हाताला असते. युरोपीय गाडीत स्टिअरिंग कोणत्याही बाजूला असो, ती डावीकडेच राहते. कोडियाकच्या नव्या पिढीत तर स्टिअरिंगच्या उजवीकडे गिअर निवडण्याची दांडी आहे, त्यामुळे पहिला आठवडाभर प्रत्येक वळणापूर्वी माझा उजवा हात तिथवर जाऊन ओशाळून परत येत असे.

आम्ही सात आसनांची गाडी घेतली. ही दुसरी पिढी २०२३ मध्ये जगासमोर आली. तिची लांबी ४,७५८ मिलिमीटर, म्हणजे आधीच्या गाडीपेक्षा ६१ मिलिमीटरने जास्त. एवढे असूनही तिसरी रांग मोठ्या माणसांसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ठरवण्यापूर्वी मी स्वतः मागे जाऊन बसलो तेव्हा गुडघे छातीकडे आले आणि बाहेर पडताना पुढच्या आसनाच्या पाठीला धरून, वाकून, एक पाय आधी बाहेर काढून मग स्वतःला ओढून घ्यावे लागले. शाळकरी मुलांना मात्र तीच जागा आवडते. शिवाय सातही आसने उघडी ठेवली तर डिकीत ३४० लिटर जागा उरते, आणि शेवटची रांग मिटवली की तीच ८४५ लिटर होते; म्हणून ही मूलतः पाच माणसांची आणि त्यांच्या भरपूर सामानाची गाडी आहे, वेळप्रसंगी दोन मुले जास्त बसतात, असे समजूनच ती घ्यावी. रोज सहा-सात मोठी माणसे नेणाऱ्या घराने सरळ एमपीव्ही, म्हणजे जास्त माणसांसाठीच बनवलेली प्रशस्त गाडी पाहावी.

आत बसल्यावर जाणवतो तो कोणीतरी बारकाईने केलेला विचार. पुढच्या दारात छत्री ठेवण्याची नळीसारखी जागा आहे आणि ओल्या छत्रीचे पाणी तिथूनच बाहेर निघून जाते. मधोमध तीन गोल बटणे आहेत, त्यांच्यावरच छोटे पडदे आहेत. कडेच्या दोन बटणांनी तापमान बदलते आणि मधल्या बटणाला आवाजासारखी निरनिराळी कामे देता येतात. सगळे काही स्पर्शपटलात कोंबण्याच्या या काळात, रस्त्यावरची नजर न काढता फिरवता येणारे बटण मला तेरा इंची पडद्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. मोटारींच्या सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये या गाडीला पाच तारे दिले, ही बाब मुलांना मागे बसवणाऱ्यासाठी अर्थातच महत्त्वाची आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला तरी गाडी जमिनीला धरून राहते, तिरपा वारा तिला फारसा हलवत नाही, आणि तीन तासांनंतरही पाठ तक्रार करत नाही.

गर्दीत मात्र चालवण्याची पद्धत बदलावी लागते. सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी, आणि एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार ठेवलेला असल्यामुळे बदल क्षणात होतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणारा भाग असलेल्या गाडीसारखे तिला इंचइंच सरकवू नये, कारण तसे सरकताना क्लच सतत घासत राहतो. म्हणून पुढच्या गाडीला चिकटून ब्रेक सोडत-धरत राहण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच सावकाश निघावे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. हे कळल्यावर माझ्या चालवण्यातला अडखळलेपणा जवळजवळ संपला. इंजिन ऑइल घेतानाही केवळ दाटपणाचा आकडा पाहून चालत नाही. पुस्तिकेत आपल्या इंजिनासाठी दिलेला, स्कोडाची मालक कंपनी असलेल्या फोक्सवॅगनचा मानक क्रमांक डब्यावर आहे का, हे तपासावे लागते.

या गोष्टी गाडीचा ताबा देताना विक्रेत्याने सांगायला हव्या होत्या. त्याने पाऊण तास आतील दिव्यांचे रंग कसे बदलायचे ते दाखवले, पण जॅक कुठे लावायचा हे विचारल्यावर तो पुस्तिका चाळू लागला. पुढे मी आवारात स्वतःच एक चाक काढून पाहिले आणि तेव्हा शेवटचा फरक समजला: जपानी गाडीत हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, आटे असलेले खुंट असतात, त्यांवर चाक अडकवून नट घट्ट करायचे, इथे हबला फक्त भोके आहेत आणि चाक हाताने तोलत, भोकांसमोर भोके आणून, बाहेरून बोल्ट घालावे लागतात. चाक जड असते, दोन हात अपुरे पडतात. मी बुटाची टोके चाकाखाली सारून ते थोडे उचलून धरले आणि वरचा बोल्ट आधी हातानेच पिळला; तो लागल्यावर बाकीचे सहज बसले.