माती लोटायच्या आधी चर बघा. माझे ३८,५०० गेले आणि ३४ कोंबड्या पण

दोन महिने झाले, लिहू का नको करत होतो. कारण मी स्वतः कृषी सेवा केंद्रात काउंटरला बसतो, ११ वर्ष झाली. रोज शेतकऱ्याला सांगतो की पक्कं बिल घ्या, बियाण्याचं पाकीट फाडायच्या आधी लॉट नंबर बघा, टॅग जपून ठेवा. आणि मीच कोंबड्यांच्या आवाराला जाळी लावून घ्यायला पक्क्या बिलाशिवाय, कोणत्या कागदाशिवाय ३८,५०० रुपये देऊन बसलो, आणि फसलो. गावात तोंड दाखवायची लाज वाटते. पण परवा शेजारच्या गावचा एक जण दुकानात आला आणि म्हणे कोंबड्यांच्या शेडला "कोल्हा-प्रूफ जाळी" लावून देणारा माणूस आलाय, रेट पण तोच, निळी टेप लावलेला नमुना पण तोच. म्हणून लिहितोय.

तापीकाठचं गाव आमचं, घरामागे केळीचा बाग. ४८ गावरान होत्या, ४५ कोंबड्या आणि ३ कोंबडे. आईने आणि बायकोने वाढवलेल्या, अंड्यांवर घरचा किराणा निघायचा, त्यामुळे कोणी हे हौसेचं काम समजू नका. केळीत कोल्हे असतातच, मुंगूस तर दिवसाढवळ्या फिरतं, आणि गावातली मोकाट कुत्री वेगळीच. या ४८ सोडून ७ कोंबड्या हिवाळ्यातच गेल्या होत्या, दर वेळी जाळीखाली बीळ. खालून उकरून येतात हे कळलं होतं, त्यामुळे इलाज जमिनीखालीच करायचा हे पण माहीत होतं. म्हणजे अडाणीपणाने नाही फसलो, काय पाहिजे ते मला नीट माहीत होतं.

फेसबुकवर जाहिरात दिसली, नंबर लावला, दोन दिवसात माणूस घरी. बोलायला एकदम गोड, आईला "माय, माय" करून पाया पडला. माप घेतलं. शेड धरून मोकळं फिरायचं आवार २० बाय १२, म्हणजे चारी बाजूंनी ६४ फूट. म्हणे ६५० रुपये रनिंग फूट, ४१,६०० होतात, तुमच्यासाठी ४०,००० फिक्स. त्यात अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी), १६ गेज (गेज म्हणजे तारेची जाडी), गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली), वर ६ फूट, जमिनीखाली २ फूट आणि तळाला १ फूट बाहेरच्या बाजूला वाकवून, म्हणजे प्राणी उकरत आला तरी खाली जाळीच लागणार. ५ वर्ष गॅरंटी. हातात नमुन्याचा तुकडा दिला, जाड, वाकता वाकत नव्हता. मला सगळं पटलं कारण पद्धत खरंच बरोबर आहे हो! तो खोटं काहीच बोलला नाही, फक्त बोलला तसं केलं नाही.

पैसे असे गेले. बुकिंगला २,००० यूपीआयने. मटेरियलला १८,००० यूपीआयने. काम झालं त्या दिवशी १५,००० रोख. आणि माल सुरतहून आला म्हणून गाडीभाडं ३,५०० रोख, जे आधी बोलण्यात नव्हतंच. बाकी ५,००० महिन्याने गॅरंटी कार्ड आणून दिल्यावर द्यायचे ठरले, आणि यावरच मी जास्त भुललो की बघा, माणूस ५,००० मागे ठेवतोय म्हणजे पळणारा नाही. तो ५,००० सोडून द्यायच्या तयारीनेच आला होता. थोडी रक्कम मागे ठेवतो म्हणून कोणावर विश्वास ठेवू नका.

आता २४ एप्रिलचं सांगतो, हा दिवस डोक्यातून जात नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती, बहिणी माहेराला येणार, आईची घाई की त्याआधी काम उरकून घे. सकाळी ९ ला पिकअप आली, तीन पोरं आणि तो. जाळीची तीन बंडलं होती. एकेका पोराने एकेक बंडल खांद्यावर टाकलं आणि चालत मागे घेऊन गेला. इथेच मला कळायला पाहिजे होतं. मी रोज युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या उचलतो, उचलणाऱ्याची चाल बघून वजन सांगतो. नंतर हिशोब केला, अर्धा इंची १६ गेजची एवढी जाळी सव्वाशे किलोच्या वर भरायला पाहिजे, म्हणजे बंडल ४० किलोच्या पुढे. ती पोरं बंडल खांद्यावर घेऊन मोबाईलवर बोलत चालली होती! मी समोर उभा होतो आणि बघत होतो.

आई ओट्यावरून म्हटली पण, "हाई जायी पातय दिखस रे भाऊ," म्हणजे ही जाळी पातळ दिसतेय. मी तिलाच गप्प केलं की तुला काय कळतं गेज-बिज. तो लगेच म्हणे, माय, ही वरची आहे, खालची जाड वेगळी आहे. मी मान हलवली.

मग दाराजवळच्या कोपऱ्यात त्यांनी माझ्यासमोर खड्डा घेतला, टेप लावून दाखवली, २ फूट भरले, जाड जाळी सोडली, बाहेर वाकवली, मला फोटो काढायला लावला. असंच चारी बाजूंनी होणार म्हणे. ११ वाजता मालकाचा फोन आला, खताचा ट्रक आलाय, उतरवून घ्यायला ये. गेलो. नोकरी आहे, नाही कसं म्हणणार, आणि ४३ डिग्रीच्या उन्हात चार तास उभं राहून कोण बघतं सांगा. अडीचला परत आलो तर सगळं झालेलं. माती सारखी केलेली, वर पाणी मारलेलं, पोरं सावलीत बसून बायकोने दिलेलं ताक पिताहेत.

६४ फूट. २ फूट खोल. काळी माती, एप्रिलची, दगडासारखी झालेली. तीन पोरं, एक टिकाव, साडेतीन तास, आणि त्यातच जाळी बांधून पण झाली. मी ठिबकच्या सबमेनसाठी चर खोदून घेतलाय, दीड फुटाचा चर मजुरांना किती वेळ घेतो ते मला तोंडपाठ आहे. आणि चर खोदला की माती भरून पण उरते, कडेला ढेकळं पडतात. इथे एक ढेकूळ नव्हतं. मला दिसत होतं हो, दिसत होतं, आणि मी वर म्हटलं "वा, लवकर उरकलं," आणि १५,००० मोजून दिले. कोणताही चर असो, जाळीचा, पाइपचा, पायाचा, माती लोटायच्या आधी स्वतः टेप लावा, एका कोपऱ्यात नाही, दहा जागी. ट्रक वाट बघेल.

बिल मागितलं होतं, हे पण सांगतो, कोणी म्हणायला नको. व्हॉट्सॲपवर फोटो आला, वर जीएसटी नंबर, २४ ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, माल सुरतचा म्हणून शंका आली नाही. नंतर मोजले तर १४ अक्षरं. जीएसटी नंबर १५ चा असतो, मी दिवसातून वीस वेळा लिहितो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव निघतं, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे द्यायच्या आधी करा.

दीड महिना काही झालं नाही. १३ जूनच्या रात्री पहिला दणकून पाऊस झाला, लाइट गेली, पत्र्यावर एवढा आवाज की कुत्र्यांचं भुंकणं पण ऐकू आलं नाही. सकाळी बायको अंडी काढायला गेली आणि तिथेच खाली बसली. २७ मेलेल्या पडल्या होत्या, ४ गायब, नंतर दोन दिवसात जखमी ३ मेल्या. ३४. कोल्हा होता की कुत्री यावर गावात अजून वाद आहे. मला मात्र मागच्या बाजूने वीतभर रुंद बीळ दिसलं, जाळीच्या खालून आरपार.

मग मी कुदळ घेऊन सगळी कड उकरली. दाराचा कोपरा सोडला तर जाळी कुठे ४ इंच खाली, कुठे ५, मागच्या बाजूला तर मातीला नुसती टेकलेली. आणि जाळी पण कसली, बारीक तारेची षटकोनी, बाजारात चिकन जाळी म्हणून मिळते ती, कोंबडी आत ठेवायला ठीक आहे पण कुत्रं दाताने फाडतं. दीड महिन्यात गंज चढलेला. सगळ्यात राग याचा येतो की आधीची जमीन टणक तरी होती. यांनी वरची वीतभर माती भुसभुशीत करून ठेवली, धुमस मारला नाही, पहिल्या पावसात ती लोण्यासारखी झाली, म्हणजे मी पैसे देऊन उकरायला सोपं करून घेतलं. कोंबडी ४५० ने धरली तरी १५,३०० होतात. ३८,५०० आणि हे मिळून ५३,८००. माझा पगार किती ते लिहीत नाही.

फोन बंद. फेसबुक पेज गायब.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी गेलो, साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी एकाने ऐकलं आणि पहिलाच प्रश्न, "कोंबड्यांसाठी आलात का?" आणि शेजारचे दोघं हसले. मी म्हटलं कोंबड्यांसाठी नाही, ३८,५०० साठी आलोय. तर म्हणे जाळी लागलीय ना, काम झालंय ना, मग हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. अरे, २ फूट सांगून ४ इंच, १६ गेज दाखवून चिकन जाळी, खोटा जीएसटी नंबर, याला वाद म्हणतात? सुरुवातीपासून फसवायच्या इराद्याने पैसे घेतले तर ती फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला पण पोच देईनात, शिक्का सापडत नाही म्हणे. पोलीस स्टेशनला शिक्का सापडत नाही! चौथ्या खेपेला गावचे एक जिभाऊ सोबत आले तेव्हा शिक्का सापडला. चार वेळा रजा टाकली, चार दिवसांचा पगार कापला तो वेगळाच. बँकेत गेलो तर म्हणे पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, आम्ही काय करणार. वनखात्याचा माणूस आला, बीळ बघितलं, म्हणे कोंबड्यांना भरपाई बसत नाही, आणि जाता जाता मलाच दम दिला की विष-बिष टाकू नका, फासे लावू नका. ते बरोबर आहे, कोल्हा काय मुंगूस काय, मारणं गुन्हाच आहे आणि मला मारायचं पण नव्हतं, म्हणून तर जाळीला पैसे दिले ना! प्रत्येक जण मला कायदा सांगतो, ज्याने पैसे नेले त्याला शोधायला कोणी जात नाही.

जे मला उशिरा कळलं ते ऐका. यूपीआयने पैसे गेले आणि शंका आली तर त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी ५० दिवसांनी केला, तोपर्यंत खात्यात काय राहणार. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तोच मजकूर लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, त्याचे पण कागद जमवतोय. रोख दिलेल्या १८,५०० चा माझ्याकडे कागदी पुरावा शून्य आहे, रोख देऊच नका.

राहिलेल्या १४ कोंबड्यांसाठी मग मेव्हण्याला सोबत घेऊन स्वतः काम केलं. चर खोदलाच नाही. अर्धा इंची खरी वेल्डमेश आणली, दुकानात तार मोजून, १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर दहा तारा शेजारी शेजारी धरा, १६ मिलिमीटर भरल्या पाहिजेत. २ फूट रुंदीची पट्टी भिंतीच्या बुडाला बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली, लोखंडी खुंट्या ठोकल्या, वर दगड आणि माती, पाणी मारून धुमसलं. प्राणी भिंतीला लागूनच उकरायला घेतो, मागे सरकून दोन फुटांवरून सुरुवात करायची त्याला सुचत नाही. खर्च ९,२०० सगळा मिळून. आणि दिवस मावळला की कोंबड्या आत खुराड्यात, दाणे बाहेर सांडलेले ठेवत नाही. पाऊस चालू आहे, दोनदा उकरल्याच्या खुणा दिसल्या, जाळीवर येऊन थांबलेल्या.

तो माणूस पांढऱ्या पिकअपमधून फिरतो, आईला "माय" म्हणतो, टेप स्वतःहून काढून दाखवतो आणि नमुन्याच्या जाळीला एका टोकाला निळी टेप गुंडाळलेली आहे. तुमच्याकडे आला तर हो-नाही न करता बसवून ठेवा, चहा द्या आणि मला मेसेज करा, खानदेशात कुठे पण असू दे, मी रजा टाकून येतो.