दाखवला सफारी बॉलमधला कार्निव्हाइन, दिला भलताच

पोकेमॉनच्या गेममध्ये शायनी, म्हणजे दुर्मिळ रंगाचा, कार्निव्हाइन ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) देतो असं कुणी म्हणालं, तर आधी त्याचा बॉल, म्हणजे तो ज्यात पकडलाय तो चेंडू, बघा. खरा की बनावट, हे त्या एवढ्याशा चित्रावरून कळतं. माझी सुरई नावाची शायनी व्हिक्ट्रीबेल ज्याने नेली त्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ऐन वेळी त्याने नेमकं तेच बघू दिलं नाही.

ज्यांनी हा पोकेमॉन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्निव्हाइन 2006 साली डायमंड आणि पर्ल या गेममध्ये आला. व्हीनस फ्लायट्रॅपसारखा भलामोठा जबडा, दलदलीतल्या झाडांना लटकून राहायचं आणि गोड वासाच्या लाळेने भक्ष्य जवळ ओढायचं. एक भक्ष्य संपवायला त्याला अख्खा दिवस लागतो असं पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीकोशात, लिहिलंय. लढाईत त्याचा फार उपयोग नाही आणि तो इव्हॉल्व्हही होत नाही, म्हणजे त्याचं पुढचं रूप नाही, पण मला तो मनापासून आवडतो.

शायनीला एवढी मागणी का, तर त्याची जागाच तशी आहे. डायमंड, पर्ल आणि प्लॅटिनममध्ये जंगली कार्निव्हाइन फक्त ग्रेट मार्श या दलदलीत सापडतो. तिथे 500 पोकेडॉलर भरले की 30 सफारी बॉल आणि 500 पावलं मिळतात. आपला पोकेमॉन बाहेर काढता येत नाही, त्यामुळे समोरच्याला कमजोर करणं नाही, झोपवणं नाही. आमिष टाकलं तर पळून जायची भीती कमी होते, पण पकडणंही अवघड होतं. चिखल मारला तर पकडणं सोपं होतं, पण पळून जायची भीती वाढते. त्या पिढीत शायनी दिसण्याची शक्यता 8192 मध्ये 1, आणि इतक्या नशिबाने दिसलेलाही डोळ्यांदेखत पसार होऊ शकतो. म्हणून असा कार्निव्हाइन कुणी देऊ करतंय म्हटल्यावर माणूस हरखतोच.

माझ्याकडे होती सुरई. मासुदा पद्धतीने, म्हणजे दोन वेगवेगळ्या भाषांतल्या गेममधले पालक एकत्र ठेवून, अंड्यातून निघालेली शायनी बेलस्प्राउट. तिचं नाव मी ठेवलं, तिला वीपिनबेल होईपर्यंत वाढवली, मग लीफ स्टोन देऊन व्हिक्ट्रीबेल केली. कार्निव्हाइन सोडून दुसऱ्या कशाच्याही बदल्यात मी ती दिली नसती.

वाय-फाय क्लबमध्ये, म्हणजे गेममधल्या ऑनलाइन ट्रेडच्या जागी, भेटलेल्या त्या माणसाने सुरुवातीला काहीच मागितलं नाही. हाँटर ट्रेड केला की त्याचा गेंगार होतो; माझा हाँटर त्याने तसा गेंगार करून लगेच परत दिला. असं दोन-तीनदा झालं, कधी माझे पोकेमॉन तर कधी त्याचे. विश्वास बसावा म्हणूनच हे चाललेलं असतं, आणि बसतोही. मग एकदा त्याने शायनी कार्निव्हाइन समोर ठेवला. मी समरी, म्हणजे त्याच्या माहितीचं पान, उघडली. हिरवट, लष्करी गणवेशासारखा सफारी बॉल, खाली मेमोमध्ये (कुठे, कधी भेटला त्या नोंदीत) ग्रेट मार्श आणि पकडल्याची तारीख. सगळं जुळत होतं.

मी हो म्हणणार, तेवढ्यात त्याने ट्रेड रद्द केला. व्हॉइस चॅटवर म्हणाला, "अरे, कनेक्शन जातंय माझं. परत लावतो, तू पटकन हो कर, नाहीतर राहूनच जाईल." पुन्हा शायनी कार्निव्हाइन आला, तोच रंग, तीच लेव्हल. ट्रेड झाला आणि तो क्षणात निघून गेला.

आलेल्या कार्निव्हाइनची समरी उघडली तर बॉल साधा, लाल-पांढरा. मेमोमध्ये मात्र भेटण्याचं ठिकाण ग्रेट मार्शच. हे शक्यच नाही. मार्शमध्ये सफारी बॉलशिवाय दुसरा बॉल टाकताच येत नाही. अंड्यातून निघालेला असता तर साध्या बॉलमध्ये असता, पण मग मेमोमध्ये अंड्याची नोंद असती. म्हणजे हा चीट डिव्हाइसने बनवलेला होता. खरा त्याने फक्त दाखवण्यापुरता ठेवला होता, आणि रंग, लेव्हल जुळवून हा दुसरा बॉक्समध्ये तयारच होता. ट्रेड होतानाच गेम सेव्ह होतो, त्यामुळे डीएस (गेमचं यंत्र) बंद करूनही काही परत येत नाही. नंतर माझे बाकीचे पोकेमॉन मी पुढच्या गेममध्ये नेले, हा मात्र मागेच राहिला.

ट्रेड एकदा रद्द होऊन पुन्हा सुरू झाला, की आधी पाहिलेलं सगळं बाद समजा आणि समरी नव्याने उघडा. बॉल, ठिकाण, भेटल्याची लेव्हल, मूळ ट्रेनरचं, म्हणजे तो पहिल्यांदा मिळवणाऱ्या खेळाडूचं, नाव. हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही. समोरचा तेवढंही थांबत नसेल तर जाऊ द्या त्याला. ऐन वेळी पोकेमॉन बदलणारी माणसं नेमकी घाईच करतात. आणि आधी त्याने दहा वेळा पोकेमॉन प्रामाणिकपणे परत केले असतील, तरी त्याचा या ट्रेडशी काही संबंध नाही.

निन्टेन्डोची ती वाय-फाय सेवा 20 मे 2014 ला बंद झाली, पण असे पोकेमॉन पुढच्या गेममध्ये फिरत राहतात, त्यांच्या नकलाही निघतात. ट्रेडमध्ये मिळालेल्या पोकेमॉनचं टोपणनाव त्या गेममध्ये नेम रेटर (नावं बदलून देणारं पात्र) बदलून देत नाही. तेव्हा सुरई नावाची शायनी व्हिक्ट्रीबेल "मीच वाढवलीय" म्हणत कुणी देऊ केली, तर मूळ ट्रेनरचं नाव आणि आयडी तपासा. देणाऱ्याचं ते नसेल, तर त्याच्याशी कुठलाच ट्रेड करू नका.